ईशा जेवत नाही

आपल्या गावच्या नाताळ अंकासाठी ‘तुझ्या कामाचे अनुभव लिही’ असा निरोप आला तेव्हा मी आधी सरळ नाही म्हटलं. मी पत्रकं लिहिणारी बाई. पत्रकाच्या एका बाजूला अन्याय आणि मागच्या बाजूला मागण्या, खाली ‘बहुसंख्येने उपस्थित राहा’. आठवणी त्यात कुठे लिहायच्या ते मला कोणी शिकवलेलं नाही. शिवाय एकोणतीस वर्षांच्या बाईने आठवणी सांगायला बसणं म्हणजे जरा आगाऊपणाच.

पण मला एका मुलीबद्दल लिहायचंय आणि एका पत्रकाबद्दल. पत्रक माझं. त्यातली सातवी सूचना मला परत घ्यायची आहे. एकदा वाटलेलं पत्रक परत घेता येत नाही, म्हणून हे छापायला देतेय.

आमच्या महिला संघटनेने बोळिंजला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर पाळणाघर काढलं होतं. दोन खोल्या, एक मोरी, खिडकीखाली बैठं लांब टेबल. पाणी आणि रस्ते यांवर घोषणा देऊन माझा घसा बसला होता, तेव्हा ‘आता जरा बसून काम कर’ म्हणून मला तिथे नेमलं. चार वर्षं मी ते चालवलं. गेल्या वर्षी इमारत पाडायला घेतली आणि पाळणाघर बंद झालं. आता तिथे पत्र्याचं कुंपण आहे. बोळिंजला असले की मी त्या गल्लीतून जात नाही, लांबून वळसा घेते.

बाहेरच्यांना वाटतं पाळणाघर म्हणजे मुलं झोपवणं. चूक. पाळणाघर म्हणजे दुपारचं जेवण. सकाळी रडारड होते, ती अर्ध्या तासात विझते. झोप आपोआप येते. पण साडेबाराला अकरा मुलं टेबलाशी बसली की तुमची खरी परीक्षा. अडीच वर्षांच्या माणसाच्या हातात जगातली एकच सत्ता असते, तोंड मिटण्याची. ती तो पुरेपूर वापरतो.

आमच्याकडे एकजण फक्त पांढरं खायचा. भात, दही, मुळा. वरणाचा पिवळा थेंब भातावर पडला की ताट बाद. एका मुलीच्या वडिलांनी आठवड्याचा तक्ता छापून दिला होता, त्यात मंगळवारी ‘ब्रोकोली’. आमच्या सुमनमावशीने तो तक्ता उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, “ही बरोकली कोनाची कोन?” एक आजी तर रोज खिडकीबाहेर उभी राहून नातवाचे घास मोजायची. मी एकदा दार उघडून म्हटलं, “आजी, आत या, सगळ्यांचे मोजा.” त्या दिवसापासून ती आली नाही. नातू मात्र जेवायला लागला.

सुमनमावशी गासची. घरची थोडी भातशेती, चार मुलं वाढवलेली, हाताला चव. ती स्वयंपाक करायची आणि मी नियम. नियम मी आल्या आल्या छापले. गुलाबी कागदावर, मथळा ‘भरवू नका, वाढा!’ उद्गारचिन्हासकट. मोबाईल दाखवून भरवायचं नाही. मागे धावायचं नाही. ‘चिऊचा, काऊचा’ करून घास कोंबायचा नाही. ताट पुढे ठेवायचं आणि मुलाचा मान ठेवायचा. अजूनही यातल्या बहुतेक सूचनांसाठी मी कोणाशीही भांडेन. सातवी अशी होती: ‘येथे सर्व घरांतील मुले एकत्र जेवतात. जेवणाआधी कोणतीही प्रार्थना अथवा श्लोक घेतला जाणार नाही.’

ही सूचना मी उगाच घातली नव्हती. ओम नावाच्या मुलाचे वडील पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, “मॅडम, जेवणाआधी एक श्लोक घ्या ना, संस्कार होतात.” मी म्हटलं, तुमच्या घरी घ्या. मी स्वतः नंदाखालच्या ख्रिस्ती घरातली, सतरा वर्षांची असताना रविवारचं देऊळ आणि प्रार्थना दोन्ही सोडलेली. मला या बाबतीत कोणी पक्षपाती म्हणू नये याची भारी हौस होती.

ईशा आली तेव्हा सव्वादोन वर्षांची होती. आई स्नेहल, विरारला राहायची. बोरिवलीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची, सकाळी सातला घराबाहेर. वडील मेल्विन बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. तोवर ईशा दिवसभर नंदाखालला आजोबांकडे असायची. आजोबा म्हणजे मेल्विनचे वडील बस्त्यावमास्तर, निवृत्त शिक्षक, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. केळीच्या वाडीत पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि ते खाटेला लागले. त्यांची मुलगी त्यांचं करायला येऊन राहिली, पण तिच्याने दोन्ही होईना. म्हणून ईशा आमच्याकडे.

पहिल्या दिवशी ती रडली नाही. टेबलाशी बसली, दोन्ही हात मांडीवर. मऊ भात, वरण, तूप, भोपळ्याची भाजी. तिने ताटाकडे पाहिलं, मग सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. एकदा उजवा हात कपाळाकडे नेला आणि खाली आणला. जेवली नाही. मी म्हटलं, पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी तेच, आठव्या दिवशी तेच. तीन वाजता केळं खायची, दूध प्यायची. भुकेली होती, आजारी नव्हती. फक्त टेबलाशी तिचं तोंड मिटलेलं.

“घरीही असंच करते हो,” स्नेहल म्हणाली. “मी पोचते रात्री आठला. दूध-बिस्किटावर झोपते. नंदाखालला बाबांकडे मात्र ताट चाटूनपुसून खायची म्हणे.”

“तुम्ही बघितलंय?”

“मी कधी बघणार? दुपारी मी लॅबमध्ये.”

मग तिने खरं काय ते सांगितलं. बोटीवरून मेल्विनचा फोन आला होता. पोरगी वाळत चाललीय, महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर तू घरी बस. भांडण नाही, आरडाओरडा नाही. अगदी समजूतदारपणे सांगितलं होतं. असा समजूतदारपणा दिसला की माझ्या अंगावर काटा येतो. मूल जेवत नाही म्हणजे आईने नोकरी सोडायची, हे गणित कोणी मांडलं? बाप आठ महिने समुद्रात असतो, त्याच्यामुळे मूल जेवत नाही असं कोणी का म्हणत नाही? मी स्नेहलला सांगितलं, “नोकरी सोडायची नाही. हे आमचं काम आहे. ईशा इथे जेवणार.” पाळणाघर आम्ही काढलं होतं ते याचसाठी.

मग मी कामाला लागले. ताट बदललं, जागा बदलली, भाताचे छोटे मुटके करून पाहिले. ईशा हात मांडीवर ठेवून बसायची. मध्येच कपाळाला हात.

“ताई,” सुमनमावशी म्हणाली, “पोरगी नाटकी नाय. ती वाट बगते.”

“कशाची?”

“ते मला काय ठाव. पन ती कपालाला हात लावते, बगा एकदा.”

“केस येत असतील कपाळावर. पिन लावा.”

मावशीने पिन लावली. माझ्याकडे एक नजर टाकली आणि भांडी घासायला गेली.

तिसऱ्या आठवड्यात मी स्कूटर काढून नंदाखालला गेले ती मास्तरांना फैलावर घ्यायला. माझा निकाल आधीच लागला होता. म्हाताऱ्याने नातीला वाडीभर फिरवून, कोंबड्या दाखवून भरवलंय, आता सवय मोडणार कोण? मास्तर ओटीवर खुर्चीत, पाय स्टुलावर. मी बसायच्या आत विचारलं, “तुम्ही तिला फिरवून भरवत होतात ना?”

“माझ्या घरात जेवताना कोणी उठत नाही,” मास्तर म्हणाले.

“मग मोबाईल?”

“माझा बटणांचा आहे. त्यात तिने काय बघायचं, आकडे?”

मी जरा वरमले. मास्तरांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, शाळेत बघतात तसं. मग म्हणाले, “तुमच्याकडे आमेन कोण म्हणतं?”

“कोणीच नाही. आमच्याकडे सगळ्या घरांतली मुलं आहेत. आम्ही प्रार्थना घेत नाही.”

“घेऊ नका. मी विचारलं, आमेन कोण म्हणतं?”

मला कळेना. मास्तरांनी समजावलं, कच्च्या मुलाला शिकवावं तसं सावकाश. त्यांच्या घरात प्रार्थना मोठ्याने म्हणायची आणि शेवटचं आमेन घरातल्या सगळ्यांत धाकट्याने. ते झाल्याशिवाय ताटाला कोणी हात लावायचा नाही, भले पाहुणा असो. ईशा दीड वर्षाची असताना पहिल्यांदा ‘आमे’ म्हणाली. तेव्हापासून त्या घरातलं जेवण तीच सुरू करत होती. “आणि तुमच्याकडे,” मास्तर म्हणाले, “ती बसलेली असताना तिला न विचारता सगळी जेवायला लागतात. तिच्या हिशेबाने जेवण सुरूच झालेलं नाही. ती कशी खाईल?”

मी उठायला लागले.

“तू मोनिकाची धाकटी ना?” मास्तरांनी एकदम विचारलं. “तुमच्या घरीसुद्धा असंच होतं. मी जेवलोय तुमच्याकडे. तू टेबलाला डोकं टेकवून झोपून जायचीस आणि आम्ही सगळे थांबायचो. मासे गार व्हायचे. तुला मी काय सांगायचं?”

खरं सांगते, मला आठवत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण आठवत नव्हतं. परत येताना स्कूटरवर आठवलं. चार भावंडांत मी शेवटची. पप्पा, मोठा भाऊ, सगळे हात जोडून माझ्या तोंडाकडे बघतायत आणि मी मुद्दाम उशीर करतेय. त्या वयात माझं कोणी एवढं ऐकून घेत होतं. नंतर मोर्चात हजार माणसांपुढे बोलले, पण तसं थांबून कोणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मनाशी एक तोड काढली. प्रार्थना नाही. कपाळ, छाती, खांदे अशी क्रूसाची खूण नाही. फक्त सगळ्यांनी हात मांडीवर ठेवून थांबायचं आणि ईशाने म्हणायचं. ताटं वाढली. मी म्हटलं, “थांबा. ईशा सांगेल.”

अकरा मुलं थांबली. सुमनमावशी पळी हातात घेऊन दारात. ईशाने सगळ्यांकडे पाहिलं, एकेकाकडे. खात्री करून घेत होती बहुतेक. कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “आमेन.” लहान, चिरका आवाज. मग वरणात बोटं घातली.

तीन घास खाल्ले. चौथा नाही. भोपळा तर तिने शेवटपर्यंत खाल्ला नाही, जिभेने बाहेर ढकलायची. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण आठवड्याभरात अर्धी वाटी भात जायला लागला, मग पाऊण. स्नेहलसाठी ठेवलेल्या वहीत मी रोज लिहायचे, आज इतका भात, आज वरण मागून घेतलं. वही वाचताना तिचा चेहरा मी दारातून बघायचे. ते दहा दिवस. माझ्या कामाच्या आयुष्यातले मला परत हवेत असे एवढेच. बाकी मोर्चे, निवेदनं, ती पाण्याची लढाई, सगळं तुम्ही ठेवा.

अकराव्या दिवशी संध्याकाळी ओमचे वडील आले. हातात हेल्मेट.

“मॅडम, काल आमच्याकडे पाहुणे होते. ताटं वाढली आणि आमचे चिरंजीव सगळ्यांना थांबवतात आणि म्हणतात, आमेन.”

मला हसू आलं. त्यांना नाही.

“मी श्लोक घ्या म्हटलं तर तुम्ही कागद छापून हातात दिलात. गुलाबी. मला एवढंच सांगा, आमच्याला नाही आणि याला हो, असं का?”

आता इथे कोणीही साधं माणूस बसलं असतं तर म्हणालं असतं, बसा, सांगते. एका मुलीची गोष्ट आहे. पण मला लहानपणापासून नव्हे, पत्रकं लिहायला लागल्यापासून एक खोड आहे. कोणी प्रश्न विचारला की मला तो आरोप वाटतो. आणि आरोप झाला की मी माझ्यावरच कारवाई करून मोकळी होते, म्हणजे पुढचा गार. मी भिंतीवरच्या सातव्या सूचनेवर बोट ठेवलं आणि म्हटलं, “तुमचं बरोबर आहे. उद्यापासून बंद.”

ते काहीतरी बोलणार होते. मी वळून आत गेले.

“ताई, असं नका करू,” सुमनमावशी म्हणाली.

“नियम सगळ्यांना एकच, मावशी.”

“पोरं काय एकसारखी असतात व्हय?”

दुसऱ्या दिवशी ताटं वाढली आणि मी न सांगता सगळ्यांनी हात मांडीवर घेतले. ईशाने कपाळाकडे हात नेला. मी म्हटलं, “आज नाही, ईशा. चला, जेवा सगळ्यांनी.”

हात तिथेच राहिला, कपाळापासून थोडा खाली. ती माझ्याकडे बघत होती. बाकीची मुलं थोडा वेळ थांबली, मग एकाने घास घेतला, मग दुसऱ्याने. ओम सगळ्यांत शेवटी. ईशाने हात खाली आणला, मांडीवर ठेवला आणि तोंड मिटलं.

ते पुन्हा उघडलं नाही. महिनाअखेर आली.

स्नेहल पिशवी न्यायला आली तेव्हा राजीनामा देऊन आली होती. रागावलेली नव्हती. खाली बसून ईशाच्या सँडलचा पट्टा लावत होती. वर न बघता म्हणाली, “दहा दिवस खाल्लं ना हो तिने. मग काय झालं?”

मी तिला समजावून सांगितलं. सर्व घरांतली मुलं, समान वागणूक, एकाला मुभा दिली तर दुसऱ्याला कसं नाही म्हणायचं. मुद्देसूद सांगितलं. मला ते जमतं.

“हो,” स्नेहल म्हणाली. “बरोबर आहे तुमचं.”

शिवी दिली असती तर मी विसरले असते.

पुढच्या आठवड्यात ओमच्या वडिलांनी विचारलं, “ती छोटी ईशा दिसत नाही?” मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. ते दारातल्या बाकड्यावर बसले. मग म्हणाले, “अहो मॅडम, मी बंद करा म्हणालो होतो का? मी विचारलं फक्त. तुम्ही म्हणाला असतात, शनिवारी तुमचा श्लोक, तरी चाललं असतं. तुम्ही नुसतं हे सांगितलं असतंत तरी चाललं असतं. मलाही एक पोर आहे ना जेवणारं.”

संघटनेच्या बैठकीत मी हा विषय मांडला नाही. एरवी नळाच्या तोटीवरही ठराव मांडते मी. गुलाबी पत्रक पुढे दोनदा छापलं आणि सातवी सूचना तशीच राहिली, कारण ती काढायची तर का काढली ते सांगावं लागलं असतं.

याला आता तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका निवेदनावर सह्या घ्यायला मी नंदाखालला गेले होते. बुधवार, दुपारचा एक. मास्तरांच्या घरासमोर आले तेव्हा केळीच्या मागून ओटीवर ताटांचा आवाज येत होता. मास्तरांची काठी दाराला टेकवलेली. स्नेहलची पाठ दिसली, ती वाढत होती. तिला त्यानंतर मुलगा झाला आणि ती मास्तरांकडेच राहायला आली हे मला कळलं होतं. बुधवारी दुपारी एक वाजता ती घरी होती. हे चित्र किती सुंदर आहे असं मला कोणी सांगू नये. ती रक्त तपासायची, चांगलं तपासायची, आणि तिला तिथे असायला हवं होतं.

मास्तरांची प्रार्थना चालली होती. पूर्वीपेक्षा हळू. ती संपली आणि सगळं शांत झालं. मी फाटकाच्या कडीवर हात ठेवला. आत जायचं, स्नेहलला सांगायचं की बरोबर नव्हतं माझं, एवढं एक वाक्य. वाक्य तयार होतं.

तेवढ्यात ईशाचा आवाज आला. चिरका नाही आता, स्वच्छ, पाच वर्षांच्या मोठ्या बहिणीचा.

“म्हण ना रे. सगळे थांबलेत.”

धाकटा म्हणेना. कोणी त्याला ओरडलं नाही. कोणी जेवायलाही लागलं नाही. आत सगळे थांबले होते, आणि कडीवरचा हात तसाच ठेवून मीही थांबले.